चंद्राच्या नावावर खोटी जमा

पौर्णिमेच्या रात्री प्रसूतिगृहात खाटा कमी पडतात, असं सांगणाऱ्या अनुभवी परिचारिका जगभर भेटतात. समुद्राला भरती येते, मग पोटातल्या पाण्याला का येऊ नये, हा त्यामागचा रोकडा युक्तिवाद. त्यातून गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतचे सरासरी २६६ दिवस म्हणजे २९.५३ दिवसांचे जवळजवळ बरोबर नऊ चांद्रमास! आणखी काय पुरावा हवा?

बँकेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला मात्र बेरीज फार सुबक जुळली की व्हाउचर्स पाहावीशी वाटतात. ती पाहिली गेली आहेत. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एबेल आणि बेनेट ग्रीनस्पॅन यांनी १९७९ मध्ये लॉस एंजलिसच्या एका रुग्णालयातल्या ५१ चांद्रमासांचा हिशेब मांडला. अकरा हजारांवर जन्म; पौर्णिमेची गर्दी कुठेच नाही. पुढे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातले १९९७ ते २००१ मधले ५,६४,०३९ जन्म तपासले गेले. २००५ साली निष्कर्ष आला : चंद्रकलांचा परिणाम नाही.

भरतीचा युक्तिवादही टिकत नाही. उधाण पौर्णिमेला येतं तसंच अमावास्येलाही येतं. अमावास्येच्या गर्दीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. शिवाय समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला, म्हणून त्याच्या दोन टोकांवरच्या ओढीत फरक पडतो. परसातल्या विहिरीला भरती आलेली कुणी पाहिली आहे? तान्ह्या बाळावर चंद्राचा जो भरतीकारक परिणाम होतो, त्याच्या लाखो पट त्याला कुशीत घेतलेल्या आईचा होतो.

मग समज टिकतो कसा? आपल्या मनाच्या खातेवहीत फक्त जमेची बाजू लिहिली जाते. पौर्णिमेला धावपळ झाली की नोंद होते. पौर्णिमेलाच वॉर्ड रिकामा राहिला तर तो कोण लक्षात ठेवतो? खरा चढउतार आठवड्याचा आहे. अमेरिकेसारख्या देशांत शनिवार-रविवारी जन्म कमी होतात, कारण ठरवून केलेली सिझेरियन्स सुट्टीच्या दिवशी टाळली जातात.

हसून सोडून द्यावं, असं हे प्रकरण मला वाटत नाही. नक्षत्र म्हणजे चंद्राचा मुक्काम. चंद्र मूळ नक्षत्रात असताना जन्मलेल्या बाळाचं तोंड बापाने सत्तावीस दिवस पाहू नये, अशी रूढी आपण पाळली. आता सुशिक्षित घरांतून डॉक्टरांच्या हाती मुहूर्ताची चिठ्ठी दिली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातले २१.५ टक्के जन्म सिझेरियनने झाले. त्यांतले बहुतेक वैद्यकीय निर्णयाचेच असतील, असं समजू या. पण गरज नसताना एकोणचाळीस आठवड्यांआधी बाळ बाहेर काढलं, तर त्याला श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो.

म्हणजे जन्माची वेळ चंद्र ठरवत नाही. त्याच्या नावाने खोटी सही करून ती आपण ठरवतो. आणि वसुली मात्र ज्याला अजून नावही नाही, त्या जिवाकडून होते.