विद्येची पेढी : प्राध्यापक दीपक फाटक

आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांस जमाखर्चाची भाषा सर्वांत जवळची. गोदामातून एक पोते बाहेर गेले की शिलकेत एक पोते कमी होते. खतावणीत तशी नोंद पडते आणि दिवाळीस हिशोब जुळतो. विद्या मात्र दिल्याने घटत नाही, हे सुभाषित आपण सर्वांनीच बालपणी घोकले आहे. परंतु ही विद्या किती जणांस, कोणत्या साधनांनी आणि किती अल्प खर्चात पोचविता येईल, याचा व्यापाऱ्याप्रमाणे चोख विचार करून तो तडीस नेणारी माणसे विरळा. आपल्या इंदूर नगरीच्या विद्यालयातून बाहेर पडलेले प्राध्यापक दीपक फाटक हे अशा विरळा माणसांपैकी एक होत. त्यांच्या कार्याचा अल्प परिचय वाचकबंधूंस व भगिनींस करून देण्याचा आमचा मानस आहे.

या कथेचा आरंभ एका व्यापाऱ्याच्या नावापासून होतो, ही गोष्ट आपण अभिमानाने ध्यानात ठेवावी. गोविंदराम सेकसरिया हे मूळचे राजस्थानातील नवलगढचे. मुंबईस येऊन कापसाच्या व्यापारात त्यांनी मोठे नाव मिळविले. १९४६ साली त्यांचे निधन झाले. पुढे १९५२ साली, इंदूर मध्य भारत राज्यात असताना, त्यांच्या न्यासाच्या देणगीच्या आधाराने येथे तंत्रशिक्षणाची एक संस्था उभी राहिली. आरंभी ती ‘कलाभवन’ या नावाने ओळखली जाई. आज पार्क रोडवरील तिच्या वास्तूस सारे नगर ‘एसजीएसआयटीएस’ म्हणून ओळखते. ज्याच्या नावाने हे विद्यामंदिर उभे राहिले, त्या सद्गृहस्थाने तेथील एकही विद्यार्थी पाहिला नाही. दानाचे हेच वैशिष्ट्य होय. त्याच्या हुंडीची मुदत केव्हा भरेल आणि ती कोणत्या गावी वटेल, हे देणाऱ्यास ठाऊक नसते.

अशीच एक हुंडी पवईस वटली. १९४८ साली जन्मलेल्या दीपक फाटक यांनी याच संस्थेतून १९६९ साली विद्युत् अभियांत्रिकीची पदवी संपादन केली. तेथून ते मुंबईजवळील पवईच्या आयआयटीत गेले. ही संस्था १९५८ साली सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने स्थापन झाली होती. तेथे उच्च शिक्षण घेऊन १९७१ पासून ते तेथेच सेवेत रुजू झाले आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ त्यांनी त्याच ठिकाणी अध्यापन केले. विद्युत् शाखेचा हा पदवीधर संगणकशास्त्राकडे वळला, तो काळ आजच्या पिढीस कल्पनेनेही समजणे कठीण. त्या वेळचा संगणक म्हणजे अवघे दालन व्यापणारे यंत्र. त्यास आज्ञा द्यावयाची ती छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याने, आणि उत्तरासाठी ताटकळत बसावयाचे. या विद्येचे माहेरघर परदेशात; तेव्हा अनेक हुशार तरुणांनी तिकडचीच वाट धरली. फाटक सर मात्र येथेच राहिले आणि शिकवीत राहिले.

१९९० नंतर संगणकाच्या व्यवसायास भरभराट आली. पवईचेच एक जुने विद्यार्थी कंवल रेखी यांनी अमेरिकेत मोठा उद्योग उभारला होता. त्यांच्या देणगीतून पवईस माहिती तंत्रज्ञानाचे एक स्वतंत्र विद्यालय निघाले. त्याच्या उभारणीत फाटक सरांचा पुढाकार होता. तेथेच नवउद्योजकांस जागा, यंत्रे आणि सल्ला देणारे एक केंद्र सुरू झाले. आपल्याकडे नव्या दुकानदारास एखादा जुना पेढीवाला ओटा देतो, माल उधार देतो आणि बाजाराची रीत सांगतो. तसाच हा प्रकार. विद्यार्थी शिकला, श्रीमंत झाला आणि त्याने विद्यालयास परत दिले. हे चक्र एकदा फिरू लागले की संस्थेस मागे वळून पाहावे लागत नाही.

परंतु त्यांचे खरे मोठे कार्य याहून निराळे आहे. गेल्या काही दशकांत देशात अभियांत्रिकी महाविद्यालये गावोगाव निघाली. इमारती झाल्या, कोनशिला बसल्या, वर्गही भरले. उणीव राहिली ती चांगल्या शिक्षकांची. पवईच्या वर्गात बसणारे विद्यार्थी मूठभर. लहान गावच्या महाविद्यालयात बसणारे लक्षावधी. त्यांचे काय, हा प्रश्न होता. फाटक सरांनी जाणले की, प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत आपण पोचू शकत नाही, पण त्याच्या शिक्षकापर्यंत पोचू शकतो. हा घाऊक व्यापाराचाच न्याय. घाऊक व्यापारी घरोघर शेरभर धान्य विकीत फिरत नाही. तो किरकोळ दुकानदारास चांगला माल देतो आणि तो माल घरोघर आपोआप जातो.

केंद्र सरकारने २००९ साली संगणक व दूरसंचाराच्या साहाय्याने शिक्षण देण्याची राष्ट्रीय योजना हाती घेतली. तिच्या अंतर्गत पवई व खरगपूर येथील आयआयटींनी मिळून दहा हजार शिक्षकांस शिकविण्याचा संकल्प सोडला. त्याची रीत अशी. प्रथम निरनिराळ्या महाविद्यालयांतील निवडक शिक्षक मुख्य संस्थेत येऊन तयारी करीत. नंतर ते आपापल्या केंद्रावर परत जात. ठरलेल्या दिवशी तज्ज्ञ प्राध्यापकांचे व्याख्यान एकाच वेळी देशभरच्या केंद्रांवर दिसे. दूरच्या गावचा शिक्षक तेथूनच शंका विचारी आणि उत्तर मिळवी. प्रात्यक्षिके मात्र केंद्रावरच, त्या तयार झालेल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली होत. संगणक प्रोग्रॅमिंगपासून मूलभूत इलेक्ट्रॉनिक्सपर्यंतचे विषय या रीतीने शिकविले गेले. कोणास घरदार सोडून महिनोन् महिने मुंबईत राहावे लागले नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे, या व्याख्यानांवर त्यांनी कुलूप घातले नाही. सर्व साहित्य कोणासही विनामूल्य वापरता यावे, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या अशाच एका प्रकल्पाचे नाव ‘एकलव्य’ आहे. महाभारतातील एकलव्यास गुरूने शिकविले नाही, आणि वर अंगठा मात्र मागून घेतला. येथे गुरू स्वतः होऊन दूरच्या शिष्यापर्यंत जातो आणि दक्षिणा मागत नाही.

त्यांचे प्रत्येक कार्य फळास आले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅबलेट विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची सरकारची योजना होती. त्याची पहिली आवृत्ती २०११ साली आली, पण तिच्या मंद गतीविषयी तक्रारी झाल्या. पुढे हे काम पवईकडे आले आणि फाटक सरांच्या मार्गदर्शनाखाली सुधारलेली आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रकाशित झाली. सरकारला ती २२६३ रुपयांस पडली. तथापि माल वेळेवर पोचला नाही, बाजारात त्याहून सरस वस्तू आल्या आणि योजना अपेक्षित विस्तार न पावता मागे पडली. व्यापाऱ्यास यात नवल वाटू नये. वस्तू जुनी होते, मोडते, तिचा भाव उतरतो. शिकविलेला शिक्षक मात्र पुढे तीस वर्षे दरसाल नव्या वर्गास शिकवितो.

२०१३ साली भारत सरकारने फाटक सरांस पद्मश्री देऊन गौरविले. पुढल्याच वर्षी त्यांचा प्रोग्रॅमिंगचा पाठ्यक्रम जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी इंटरनेटवर खुला झाला. अठराव्या शतकापासून होळकरांच्या या नगरीत रुजलेल्या मराठी समाजास, आणि सेकसरियांच्या दानाने उभ्या राहिलेल्या संस्थेस, ही सारखीच भूषणावह गोष्ट होय.

आता दोन शब्द आपल्या घरचे. आपल्या समाजात विद्येस मान आहे. शिक्षकास किती आहे? मुलगा उद्योगात गेला, परदेशी गेला, सनदी लेखापाल झाला, तर आपण पेढे वाटतो. तोच ‘मला महाविद्यालयात शिकवावयाचे आहे’ म्हणाला, तर घरात शांतता पसरते. स्थळ सांगून आले आणि मुलगा शिक्षक निघाला, तर वधूपिता वेतन विचारून गप्प होतो. मग आपल्याच मुलांस चांगले शिक्षक मिळत नाहीत, अशी तक्रार आपण कोणत्या तोंडाने करावी?

दानाचीही तीच गोष्ट. खोलीवर नावाची पाटी लागते म्हणून आपण खोल्या बांधतो. खोल्या हव्यातच, परंतु आपल्या संघाने दरसाल एखाद्या तरुण शिक्षकाच्या पुढील शिक्षणाचा भार उचलला, एखाद्या लहान महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेस उपकरणे दिली, तर त्यावर पाटी लागणार नाही, पण व्याज पिढ्यान् पिढ्या चालू राहील. आणि एखाद्या सभासदाच्या घरी मुलगा वा मुलगी अध्यापनाची इच्छा बोलून दाखवील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी ‘यात मिळकत किती?’ हा प्रश्न थोडा लांबणीवर टाकावा. तिच्या पाठीवर हात ठेवून ‘शिकव, बाळ’ एवढेच म्हणावे, अशी आमची सर्व सभासदबंधूंस व भगिनींस नम्र विनंती आहे.