शीतकपाट बिघडलें असें मानण्यापूर्वीं

गोदाकांठचें आमचें शहागड सोलापूर-धुळें महामार्गावर असल्यामुळें येथें दूध, दहीं व थंड पेयें यांची विक्री बारमास चालते. कित्येक शेतकरी बंधूंनीं जोडधंदा म्हणून दुकानांत मोठीं शीतकपाटें, ज्यांस आपण सर्व फ्रिजच म्हणतों, ठेविलीं आहेत. ऐन वैशाखांत तीं थंड करीनाशीं झालीं म्हणजे मालकाची कशी त्रेधा उडते, तें प्रस्तुत लेखकानें स्वतः अनुभविलें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरच्या दुकानांतील फ्रिजचें यंत्र रात्रभर चालू असूनही सायंकाळचें वीस लिटर दूध सकाळीं नासलें. कारागिरानें पाहतांच 'कॉम्प्रेसर गेला' असें सांगून मोठा खर्च दाखविला. सुदैवानें पैसे देण्यापूर्वीं मागील जाळी पाहिली, तों कापसाच्या तंतूंनीं व धुळीनें ती घोंगडीसारखी झांकलेली! मऊ ब्रशानें ती साफ करितांच दुसऱ्या दिवसापासून फ्रिज पूर्ववत् चालूं लागला.

याचें कारण समजून घेणें अगत्याचें आहे. फ्रिज थंडी निर्माण करीत नाहीं. तो आंतील उष्णता उपसून बाहेर टाकितो. मोट कितीही चालली, तरी थारोळ्यापुढील पाट तुंबल्यास पिकास पाणी मिळत नाहीं. तद्वत् जाळी तुंबली कीं उष्णता बाहेर पडत नाहीं, आणि यंत्र व्यर्थ राबून अखेरीस खरोखरच जळतें.

म्हणून कारागीर बोलाविण्यापूर्वीं पुढील गोष्टी क्रमानें पहाव्या.

१. प्लग काढून जाळी दरमहा साफ करावी. तिच्याजवळील पंखा फिरतो कीं नाहीं, तें पहावें. फ्रिज भिंतीपासून वीतभर दूर, ऊन व भट्टी यांपासून अलग असावा.

२. दाराच्या रबरांत कागदाची पट्टी धरून दार लावावें. पट्टी सहज निघाली, तर रबर मळलें किंवा झिजलें आहे. कोमट साबणाच्या पाण्यानें पुसूनही फरक न पडल्यास तें बदलावें.

३. आंत बर्फाचा थर चढल्यास सुरीनें खरवडूं नये, नळी फुटते. फ्रिज बंद करून बर्फ वितळूं द्यावा. धारोष्ण दूध प्रथम थंड पाण्यांत निववून मग आंत ठेवावें, व हवेच्या वाटा मोकळ्या सोडाव्या.

४. वीज कमी दाबाची असल्यास स्टॅबिलायझर बसवावा. गेलेली वीज परततांच फ्रिज सुरू न करितां पांच मिनिटें थांबावें. आंतील वायूचा दाब समतोल झाल्यावांचून कॉम्प्रेसर सुखानें सुरू होत नाहीं.

इतकें करूनही दूध ४ अंश सेल्सिअसच्या आसपास न राहिल्यास जाणत्या कारागिरासच बोलवावें. मात्र 'गॅस संपला' असें तो म्हणाल्यास गळती कोठें आहे, हें अवश्य विचारावें. गॅस वापरानें सरत नाहीं. कमी झाला तर तो गळलाच आहे. गळती न बुजवितां पुन्हां भरलेला गॅस म्हणजे फुटक्या रांजणांत ओतलेलें पाणी होय. शिवाय कित्येक नव्या फ्रिजांतील गॅस ज्वालाग्राही असतो, सबब तेथें आपण हात घालूं नये.

महसुली दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसाची शेवटची विनंती एवढीच कीं, फ्रिजजवळ एक वही ठेवून तींत सकाळ-सायंकाळचें तापमान व सफाईची तारीख टिपावी. दूध नासण्यापूर्वींच ही वही मालकास सावध करील.