मोठ्या मुलांसोबत दोन दिवस लेण्यांच्या डोंगरात



मुले लहान असतात तेव्हा त्यांना कुठे न्यावे हा प्रश्न आपल्या घरांत फारसा पडत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. बापाच्या खांद्यावर बसून ती सगळीकडे येतात. तीच मुले दहावी-बारावीला गेली की घरात एक नवे वाक्य ऐकू येऊ लागते. “तुम्ही जा, मला कंटाळा येतो.” आईला वाटते मुलगा हाताबाहेर चालला, बापाला वाटते मोबाईलने वाटोळे केले.

आम्हालाही तसेच वाटत होते. गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतली तीन कुटुंबे मिळून मळवली परिसरातली लेणी पाहून आली आणि आमचे मत बदलले. मुलांना प्रवासाचा कंटाळा नसतो. आपण त्यांना पिशवीसारखे उचलून नेतो, त्याचा असतो. म्हणून कार्ले, भाजे आणि देहूरोड ही शनिवार-रविवारची सहल कशी करावी आणि तिची आखणी मोठ्या मुलांच्या हाती कशी सोपवावी, ते येथे देत आहोत.

सहल ही आपल्यासाठी चैन नाही

“फिरायला जायला आपण काय सुखवस्तू आहोत?” असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी बाबासाहेबांच्या दोन प्रवासांची आठवण ठेवावी. दोन्ही हकिगती बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत.

पहिला प्रवास १९०१ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीतला. बाल भीमराव घरातल्या इतर मुलांसोबत वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाले. अंगावर नवे कपडे, आगगाडीचा आनंद. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच बैल हाकायचे या अटीवर गाडी मिळाली. जवळ जेवणाचा डबा भरलेला होता, पण पाणी कोणी देईना. ती रात्र मुलांनी उपाशी काढली.

दुसरा प्रवास १९३४ सालचा. चळवळीतल्या सहकाऱ्यांना घेऊन बाबासाहेब वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी सर्वांनी तलावाच्या पाण्याने हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून मोठा गिल्ला झाला. पुढे किल्ल्यात पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देण्यात आला. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि गोलमेज परिषद गाजवून आले होते.

या दोन प्रवासांच्या मध्ये २० मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे आहे. आज आपली मुलगी लोकलमध्ये खिडकीशी बसते, लेण्याच्या पायथ्याशी पाण्याची बाटली भरून घेते, ती मोकळीक अशी मिळालेली आहे. निघण्याच्या आदल्या रात्री या दोन हकिगती मुलांना जरूर सांगाव्यात. आमच्या मुलांनी त्या मोबाईल बाजूला ठेवून ऐकल्या.

आखणी मुलांकडे द्या

महिनाभर आधी एक शंभर पानी वही आणावी आणि कामे वाटून द्यावीत. एकाने गाड्यांची वेळापत्रके पाहावीत, एकाने पैशांचा हिशेब ठेवावा, एकाने डबे, पाणी व औषधे पाहावीत, आणि एकाने लेण्यांची माहिती जमवून तिथे सर्वांना समजावून सांगावी. हे शेवटचे काम सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलाला द्यावे. मुलींना डब्यांचे आणि मुलांना पैशांचे काम, अशी वाटणी मात्र करू नये. आमच्या सहलीत तिजोरी धाकट्या मुलीकडे होती आणि तिने एक रुपयाही इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

पुणेकरांना पुणे-लोणावळा लोकल मळवलीला सोडते. मुंबई-कल्याणकडच्यांनी पुण्याच्या गाडीने लोणावळ्याला उतरून लोकलने एक स्टेशन मागे यावे. दुपारच्या वेळी या लोकलमध्ये मोठी खंडे पडतात, तेव्हा वेळापत्रक नीट पाहावे. आमच्या थोरल्याने ते घाईने पाहिले आणि परतीला आम्ही मळवलीच्या फलाटावर दीड तास बसलो. आम्ही ठरवून कोणी त्याला बोललो नाही. ज्याची चूक त्यानेच वाट काढायची, हा नियम आधीच ठरला होता. त्याने चौकशी करून कामशेतपर्यंत जाणारे वाहन मिळते का ते पाहिले, भाडे परवडेना म्हणून परत आला, आणि सर्वांना चहा आणून दिला. त्या दिवसापासून घरातले कोणतेही तिकीट तो दोनदा तपासून काढतो.

खर्च फार नाही. पुरातत्त्व खात्याचे तिकीट भारतीयांना प्रत्येक ठिकाणी माणशी २५ रुपये आहे, १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. म्हणजे चार मोठ्या माणसांचे दोन्ही लेण्यांचे मिळून २०० रुपये. बाकी लोकलचे भाडे, रिक्षा आणि एका रात्रीचा मुक्काम. मुक्कामाचा खर्च सर्वांत जड असतो. शनिवारी दर चढलेले असतात, म्हणून फोन करून आधी भाव ठरवून घ्यावा. दोन-तीन कुटुंबांनी मिळून मोठी खोली घेतल्यास बराच फरक पडतो. महिनाभर घरात एक डबा ठेवून त्यात रोज थोडे थोडे टाकत गेल्यास ओझे जाणवत नाही.

शनिवार : कार्ले आणि भाजे

सकाळी लवकर मळवली गाठून प्रथम कार्ल्याला जावे. लेण्यासमोरच एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी बांधव व इतर भाविक तेथे मोठ्या संख्येने येतात. रविवारी, नवरात्रात आणि चैत्र यात्रेत डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. शनिवारी सकाळी त्या मानाने शांतता मिळते. सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत. आजी-आजोबा सोबत असतील तर दर पन्नास पायऱ्यांवर बसावे. मोठ्या मुलांनी त्यांच्यासोबतच चालावे, पुढे पळू नये.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३७ मीटर लांब आहे आणि आत ३७ खांब आहेत. एवढे मोठे दालन अखंड कातळात, वरून खाली कोरत आणलेले आहे. छताला ज्या लाकडी कमानी दिसतात त्या मूळच्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. स्तूपावरची लाकडी छत्रीही तेव्हाचीच. तेथे चपला काढून, स्तूपाला सामोरे बसून त्रिशरण-पंचशील म्हणावे. हळू म्हटले तरी आवाज पूर्ण दालनात भरतो.

मग मुलांना भिंतींवरची अक्षरे शोधायला सांगावे. ही ब्राह्मी लिपी, भाषा प्राकृत. घरून निघण्यापूर्वी दोन-चार अक्षरे वहीत काढून घ्यावीत. ‘क’ हा बेरजेच्या चिन्हासारखा असतो, ‘न’ हा उलट्या ‘टी’सारखा. बहुतेक लेख कोणी काय दान दिले ते सांगतात, म्हणून ‘दानं’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. सांचीच्या लेखांत वारंवार येणारा हाच शब्द ओळखून १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचे कुलूप उघडले. आमच्या मुलांना पहिला ‘न’ सापडायला वीस मिनिटे लागली. त्यानंतर त्यांना तेथून हलवणे कठीण झाले.

दान देणाऱ्यांत राजे आहेत, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत, भिक्खुणी आहेत. सिंहदत्त नावाचा अत्तरे विकणारा आहे. आणि दर्शनी भागातल्या एका लेखात वेणुवासाचा मुलगा सामी याचे नाव आहे. त्याचा धंदा लेखात दिला आहे : वढकी, म्हणजे सुतार. लेण्याचे दार त्याच्या हातचे.

आमच्यासोबत आलेले एक गृहस्थ फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करतात. त्यांचा मुलगा कॉलेजच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय म्हणून नुसते ‘नोकरी’ लिहितो, हे त्यांना माहीत होते आणि ते सलत होते. माहिती सांगण्याचे काम योगायोगाने याच मुलाकडे आले होते. वहीतून वाचता वाचता तो ‘सुतार’ या शब्दापाशी जरा थांबला, मग पुढे वाचून त्याने वही मिटली. वडील छताच्या कमानींकडे पाहत होते. हे सांधे खिळ्याशिवाय कसे धरत असतील, ते त्यांनी आम्हाला बोटे एकमेकांत अडकवून दाखवले. मुलगा जवळ आला आणि त्याने एक प्रश्न विचारला, मग दुसरा. पुढचा अर्धा तास माहिती बापाने सांगितली.

दुपारी डबे खाऊन भाज्याला जावे. ही लेणी कार्ल्याहून जुनी, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. मळवली स्टेशनाहून चालत जाता येते आणि पायऱ्याही थोड्या आहेत. येथे २२ लेणी आहेत. चैत्यगृहाचे २७ खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी घरात वजन पेलण्यासाठी खांब असे तिरके लावत. दगडात त्याची गरज नव्हती, तरी कारागिरांनी सवयीचीच रीत कोरली. जवळच १४ स्तूपांचा समूह आहे. हे येथे राहून गेलेल्या थेरांचे स्मारक, काहींवर त्यांची नावे आहेत. लेण्यांचे तोंड पश्चिमेला असल्याने उतरत्या उन्हात आत प्रकाश येतो. तेव्हा घाई करू नये.

रविवार : देहूरोड

सकाळी लोकलने देहूरोडला उतरावे. येथील बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे बाकी होती. आदल्या दिवशी मुलांनी दोन हजार वर्षांपूर्वीचा धम्म पाहिलेला असतो. तो मध्यंतरी लोप पावला आणि बाबासाहेबांनी परत आणला, हे येथे समजावून सांगावे लागत नाही. वंदना घ्यावी, थोडा वेळ शांत बसावे. परतीची घाई नसेल तर याच मार्गावर तळेगाव दाभाडे येथे बाबासाहेबांचा बंगला आहे, तोही पाहावा.

काही सूचना

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात आणि तरण्या मुलांना धबधब्याची ओढ असते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पाहता पाहता लोंढा आला आणि एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. डोंगरावर पाऊस झाला की खाली पाणी क्षणात वाढते. पावसाळ्यात प्रवाहात उतरायचे नाही, हे मुलांकडून आधीच कबूल करून घ्यावे.

कड्याकपारीला मधमाश्यांची पोळी असतात. उदबत्ती, धूर, आरडाओरड टाळावी. भिंतीवर नावे कोरू नयेत, खांबांना तेल-रंग लावू नये. आपले कोणी तसे करीत असेल तर त्यालाही नम्रपणे थांबवावे. टॉर्च, पाणी, ओआरएसची पाकिटे आणि पायात घट्ट बसणारे बूट एवढे असले की पुरे.

घरी आल्यावर मुलांनी सर्वांसमोर हिशेब वाचून दाखवावा. आमच्या तिजोरीत ११० रुपये उरले होते. ते काय करायचे यावर बराच वाद झाला आणि शेवटी ते पुन्हा त्याच डब्यात गेले. वहीच्या नव्या पानावर कोणीतरी लिहिले आहे : बेडसे लेणी, कामशेत स्टेशन, सुमारे ४०० पायऱ्या. त्याखाली सुतार गृहस्थांच्या मुलाचे अक्षर आहे : “माहिती मी आणि बाबा सांगू.”

नमो बुद्धाय! जयभीम!