घरबसल्या उड्डाण : आरंभ कसा करावा?

जमिनीवर राहून विमानविद्या शिकण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास वडिलांच्या ऑर्गन-कारखान्यातील भाते आणि झडपा वापरून सराव-यंत्र घडविले. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांचे प्राथमिक शिक्षण अशाच यंत्रांवर झाले. आज ती सोय घरच्या संगणकावर आली आहे.

व्यापारी कुटुंबातील मुलगा वा मुलगी ‘वैमानिक व्हायचे’ म्हणते, तेव्हा प्रश्न लाखो रुपयांच्या शुल्काचा असतो. ही ओढ क्षणिक की खरी, हे थोडक्या भांडवलात पारखण्यास फ्लाइट सिम्युलेटर उपयोगी पडतो. ‘फ्लाइटगिअर’ विनामूल्य मिळतो. ‘एक्स-प्लेन’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ विकत घ्यावे लागतात व त्यांना सशक्त संगणक लागतो. आरंभी एक साधी जॉयस्टिक पुरते. महागडी सामग्री पहिल्याच दिवशी घेऊ नये.

नवशिक्याला मोठ्या प्रवासी विमानाचा मोह होतो. तो टाळून चार आसनी ‘सेसना १७२’ निवडावे. प्रथम सरळ व समपातळीत उडणे, मग वळणे, त्यानंतर धावपट्टीभोवती फेरी आणि शेवटी उतरणे, हा क्रम सोडू नये. सुमारे ५५ नॉट वेगाला हे विमान जमीन सोडते. उतरताना सुमारे ६५ नॉट वेग राखावा लागतो. वर जाण्यासाठी केवळ नाक उचलत राहिले, तर वेग घटतो, पंखांचा आधार सुटतो आणि विमान कोसळू लागते. अशा वेळी नाक खाली करून वेग परत मिळवायचा असतो. घाबरलेला हात नेमके उलट करतो. म्हणूनच सराव हवा.

सरावासाठी जुहू निवडता येईल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेच उतरले होते.

मात्र घरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्यास २०० तासांचे प्रत्यक्ष उड्डाण आवश्यक असते. तरीही सहा महिने नेमाने सराव करून, शंभरदा चुकूनही ज्याचा उत्साह मावळला नाही, त्याच्या इच्छेचा पालकांनी गांभीर्याने विचार करावा. आणि ज्याचा उत्साह मावळला, त्याचेही मोठे नुकसान टळले, असेच समजावे.