चकाकी हवी, पण डोळे सांभाळून

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील पावसाळी हवेत जुन्या सायकलीचे लोखंड गंजते, तर अॅल्युमिनियमचे रिम आणि क्रँक पांढरट पडतात. अॅल्युमिनियमवर हवेनेच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि आतला धातू सुरक्षित राहतो. अॅनोडायझिंगने कारखान्यात हाच थर जाड करतात.

चकाकीसाठी कॉस्टिक सोडा वापरल्यास हा थर विरघळतो, पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. द्रावण डोळ्यांत उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. तसे झाल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे डोळे धुवावेत आणि दवाखाना गाठावा.

त्यापेक्षा साबणाचे कोमट पाणी आणि मऊ कापड बरे. अॅनोडायझिंग नसलेल्या भागांना मेटल पॉलिश चालते. रिमवर ब्रेकचे रबर टेकते तिथे मात्र पॉलिश लावू नये. उतारावर ब्रेक लागणार नाही.