‘कशावरून?’ला लागलेली वर्षे

‘बापानं आभाळाकडे पाहिलं आणि बियाण्याची थैली पुन्हा घरात नेऊन ठेवली.’ हे वाक्य अकोला जिल्ह्याच्या पातूर तालुक्यातल्या पाचवीच्या मुलापुढे ठेवावे. ‘पाणी आला नाही जी,’ असे वऱ्हाडी उत्तर मिळायला वेळ लागणार नाही. वाक्यात पावसाचे नावही नाही. पण कोरडवाहू शेतीच्या घरातले मूल ते ओळखते. वाचताना अनुमान काढणे म्हणतात ते हेच. ‘कशावरून म्हणतोस?’ हा पुढचा प्रश्न मात्र मराठी वर्गात फार उशिरा आला.

जुन्या स्वाध्यायांत रिकाम्या जागा आणि ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ यांचा भरणा होता. उत्तर धड्यात जसेच्या तसे सापडे, मुले ते उतरवून घेत. अमेरिकेतही फार वेगळे नव्हते. संशोधक डोलोरेस डर्किन यांनी चौथीच्या वर्गांत वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटे नोंदवली आणि १९७८-७९ मध्ये निष्कर्ष मांडले. अर्थ कसा लावायचा, हे शिकवण्यात त्यांतली जेमतेम २० मिनिटे गेली होती. प्रश्न विचारून उत्तरे तपासणे मात्र भरपूर चालले होते.

आपल्याकडे २००५ हे वळणाचे वर्ष. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतले ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडायला सांगितले. त्याच वर्षी ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित तपासणारी ‘असर’ ही पाहणी सुरू झाली. दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी पाचवीची मुले ग्रामीण भारतात २०१८ मध्ये ५०.३ टक्के होती, २०२२ मध्ये ४२.८. या आकड्यांनी धक्का बसला, तो बसायलाच हवा होता. पण त्यामुळे सगळी चर्चा ‘वाचता येते का’ इथेच अडकली. पायाभूत वाचन आणि गणितासाठीच्या २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाचे लक्ष्यही तिसरीपर्यंतचेच आहे.

चौथी-पाचवीचे काय?

२०१६-१७ मध्ये महाराष्ट्रातली शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी आणि आठवीला आली. तिथे उताऱ्यावर प्रश्न असतात, पण उत्तर चार पर्यायांतून निवडायचे. गोल रंगवला की काम झाले. मूल त्या उत्तरापर्यंत कसे पोहोचले, हे उत्तरपत्रिका सांगत नाही. ते वर्गातच ऐकावे लागते.

शिक्षकांनी रोज धड्यातले एक वाक्य त्यासाठी राखून ठेवावे. ‘पाणी आला’चे ‘पाऊस आला’ नंतर करता येईल, आधी मुलाला कारण सांगू द्यावे.