गुलाबी म्हणजे नेमका कुठला?

फुलांच्या जपानी देवीचं जवळपास १९० वर्षांपूर्वीचं काळं-पांढरं चित्र रंगवायला घेतलं. वाटलं होतं, एका रात्रीचं काम आहे. लागला एक आठवडा!

समजा, तुमच्यासमोर एक काळं-पांढरं चित्र आहे. त्यात एक जपानी स्त्री उभी आहे. मोकळे लांब केस, पायघोळ वस्त्रं, एका हातात गोल आरसा, दुसऱ्या हातात फांदी. नाव कोनोहाना साकुया-हिमे. सर्च केल्यावर कळतं, ही फुलांची देवी. तेच ते चेरी ब्लॉसम, जपानी भाषेत साकुरा. आता खरं सांगा, रंगवायला पहिला रंग कुठला उचलाल?

गुलाबी. बरोबर? मीही तोच उचलला.

आम्हाला असाइनमेंट होती. कॉपीराइट संपलेलं एक जुनं चित्र घ्यायचं, डिजिटली रंगवायचं आणि प्रत्येक रंग का निवडला ते लिहायचं. मी नेहमीप्रमाणे सबमिशनच्या आदल्या रात्री बसले. वस्त्र गुलाबी, ओठ गुलाबी, मागे गुलाबी आकाश, वर गुलाबी पाकळ्यांचा पाऊस. दुसऱ्या दिवशी सरांनी स्क्रीनकडे बघितलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, ''ही देवी आहे की स्ट्रॉबेरी मिल्कशेक?''

वर्ग हसला. मीही हसले, पण जाम लागलं. त्याहून जास्त लागला त्यांचा पुढचा प्रश्न, ''हाच गुलाबी का?'' माझ्याकडे उत्तरच नव्हतं. पॅलेटमध्ये पहिला तोच होता, हे काय उत्तर झालं?

एका आठवड्याने पुन्हा सबमिट करायचं ठरलं. मग मात्र वाचायला बसले.

आधी गोष्ट

इसवी सन ७१२ मधल्या 'कोजिकी' या जपानच्या जुन्या ग्रंथात ही कथा आहे. सूर्यदेवी आमातेरासूचा नातू निनिगी पृथ्वीवर उतरतो. त्याला साकुया-हिमे दिसते, आवडते. तो थेट तिच्या वडिलांकडे, म्हणजे डोंगरांच्या देवाकडे मागणी घालतो. वडील खूश होऊन साकुयाबरोबर तिच्या थोरल्या बहिणीलाही पाठवतात. या बहिणीचं नाव इवानागा-हिमे, खडकासारखी चिरकाल टिकणारी. निनिगी तिच्याकडे बघतो. ती दिसायला चांगली नाही म्हणून तिला परत पाठवून देतो.

थांबा, हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना? कांदेपोहे, चहाचा ट्रे, ''मुलगी चांगली आहे हो, पण…''

मग वडील निरोप पाठवतात. इवानागाला ठेवून घेतलं असतंस तर तुझ्या वंशाचं आयुष्य खडकासारखं टिकलं असतं. एकट्या साकुयाला ठेवलंस, आता ते फुलासारखं क्षणभंगुर होईल. माणूस मरतो का, याचं उत्तर या कथेत एका नाकारलेल्या मुलीपाशी येऊन थांबतं.

साकुयाचंही पुढे सगळं गोड होत नाही. ती एका रात्रीत गरोदर राहते आणि नवरा संशय घेतो. तेव्हा ती दार नसलेलं घर बांधते, आत जाते आणि बाळंतपणाच्या वेळी स्वतःच्या हाताने घराला आग लावते. मुलं तुझी असतील तर त्यांना काही होणार नाही, म्हणते. तीन मुलगे सुखरूप जन्मतात. आपल्याला लगेच सीतेची अग्निपरीक्षा आठवते. फक्त इथे परीक्षा मागितली कुणी नाही, पेटवली तिनेच.

म्हणून ही नुसती फुलांची नाजूक देवी नाही. ती आगीची आणि सुखरूप बाळंतपणाची देवी आहे, आणि फुजी या ज्वालामुखीची देवीही आहे. फुजीचा शेवटचा उद्रेक १७०७ चा. डोंगर शांत राहावा म्हणून तिला पुजलं जातं. फुजिनोमिया शहरात तिचं मुख्य सेन्गेन मंदिर आहे, आणि पलीकडच्या फुजियोशिदात दरवर्षी २६ आणि २७ ऑगस्टला रस्त्यावर उंच मशाली पेटवून उत्सव होतो.

आणि मी तिला मिल्कशेक केलं होतं!

चित्रात रंग का नाही?

मी घेतलेलं चित्र होकुसाईचं. 'द ग्रेट वेव्ह' काढणारा तोच तो, ज्याची लाट निम्म्या हॉस्टेलच्या भिंतींवर आणि मोबाइल कव्हरवर असते. १८३४ मध्ये त्याच्या 'फुगाकु ह्याक्केई', म्हणजे फुजीची शंभर दृश्यं, या पुस्तकाचा पहिला भाग आला. त्यात सुरुवातीलाच ही देवी आहे. पुस्तक छापलं फक्त काळ्या आणि राखाडी छटांत. त्या वेळी होकुसाई सत्तरीच्या पुढे गेला होता. शेवटी त्याने लिहिलंय त्याचा आशय असा, की सत्तरीच्या आधी काढलेलं काही दखल घेण्यासारखं नाही, त्र्याहत्तरीला थोडं कळायला लागलं, आणि एकशेदहाव्या वर्षी माझा प्रत्येक ठिपका जिवंत होईल. बाविसाव्या वर्षी एका रात्रीत असाइनमेंट उरकणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. (मी तीनदा वाचलं.)

तिथल्या रंगीत छापचित्रांत चित्रकार स्वतः रंग भरतच नसे. तो रेषा काढायचा, कोरणारा ती लाकडावर कोरायचा, मग काळ्या रेषांच्या छापांवर कुठे कुठला रंग हे चित्रकार लिहून द्यायचा. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा, आणि छापणारा एकावर एक रंग चढवायचा. थोडक्यात, आपण ज्याला 'लेयर' म्हणतो तेच, फक्त लाकडाचे.

गुलाबीचा शोध

आता मुद्द्याचा रंग. रील्समध्ये जो साकुरा दिसतो तो बहुतेक वेळा 'सोमेई योशिनो' जातीचा. त्याचं एक फूल जवळून पाहिलं तर जवळपास पांढरं असतं. झाड भरून आलं की लांबून गुलाबी झाक जाणवते. ही जात सगळीकडे पसरली ती होकुसाईनंतर. जुन्या चित्रांतला साकुरा बहुतेक डोंगरातला 'यामाझाकुरा'. त्यात फिकट फुलांबरोबरच तांबूस कोवळी पानं येतात. म्हणजे साकुराच्या रंगात थोडा तांबडा-तपकिरीही हवा.

दुसरी गंमत कपड्यांत सापडली. जुन्या दरबारी स्त्रिया एकावर एक वस्त्रं घालायच्या आणि रंगांच्या जोड्यांना ऋतूंची नावं असायची. त्यातली 'साकुरा' नावाची एक जोडी म्हणजे वर पांढरं तलम रेशीम आणि आत लाल अस्तर. गुलाबी कापड नाहीच! पांढऱ्यातून लाल झिरपतो आणि डोळ्यांना गुलाबी दिसतो.

आणि तो लाल यायचा कशातून? करडईतून! हो, आपलीच करडई, जिचं तेल मराठवाडा-सोलापूरकडे घराघरात आणि जिची पालेभाजी आजीला आवडते. जपानीत तिला 'बेनिबाना' म्हणतात. पाकळ्यांत पिवळा रंग भरपूर आणि लाल अगदी थोडा. आधी पिवळा धुऊन काढायचा, मग लाल हाती लागतो. छापचित्रांतला गुलाबीही त्यातूनच यायचा, पण उजेडात तो उडून जातो. म्हणून कित्येक जुन्या चित्रांतला गुलाबी आज फिका पडलाय. फुलासारखा टिकाऊ नसलेला रंग, फुलांच्याच देवीसाठी!

करून बघायचंय?

महागडा टॅब लागत नाही. मी लॅपटॉपवर 'क्रिता' वापरलं, ते फुकट आहे. फोनवर 'आयबिस पेंट' चालतं.

मूळ चित्र सगळ्यात वर ठेवा आणि तो लेयर 'मल्टिप्लाय' करा. पांढरा भाग पारदर्शक होतो, रेषा तशाच राहतात. खाली प्रत्येक वस्तूचा वेगळा लेयर करा : केस, वस्त्र, आरसा, फांदी. आधी सपाट रंग भरा, छटांची घाई नको.

वस्त्रासाठी गुलाबी निवडूच नका. खाली करडईचा लाल भरा, त्यावर पांढरा लेयर घाला आणि त्याची ओपॅसिटी हळूहळू कमी करत जा. एका क्षणी साकुरा दिसतो. मला तो क्षण रात्री पावणेदोनला दिसला आणि मी एकटीच ''भारी!'' म्हणून ओरडले. शेजारच्या कॉटवरून उशी आली.

हातातली फांदी साकुराची नाही बरं का. ती 'साकाकी', देवपूजेत वापरतात ते सदाहरित झाड. तिला गडद हिरवा द्या. सगळं फिकं असताना तो एक हिरवा चित्राला धरून ठेवतो.

आणि चेहऱ्याचा रंग?

इथे मी अडकले. पहिल्या वेळी मी 'स्किन' नावाचा तयार रंग उचलला होता. गोरा, गुलाबीसर. लहानपणीच्या खडूच्या डबीतही 'स्किन कलर' तोच असायचा, आठवतंय? आमच्या घरात त्या रंगाचं कुणीच नाही.

माझी ताई २७ वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात दोन ठिकाणांहून ''मुलगी हुशार आहे, पण रंगाने जरा…'' असा निरोप आला. ती हसून सोडून देते. दुसऱ्या वेळी मात्र आंघोळीला म्हणून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. निनिगीची गोष्ट वाचताना मला सारखं ते बंद दार आठवत होतं.

जुन्या छापचित्रांत चेहऱ्यावर बहुतेकदा रंग चढवतच नसत, कागदाचाच रंग ठेवत. मीही तेच केलं. 'स्किन'चा लेयर डिलीट केला. मागचं गुलाबी आकाश काढलं आणि त्या जागी माझ्या मनाने एक मोठा खडक घातला. मूळ चित्रात तो नाही, हे असाइनमेंटमध्ये स्पष्ट लिहिलं. सगळ्यात जास्त वेळ त्या खडकालाच लागला. राखाडीत निळा, मग शेवाळी हिरवा, मग कडेला थोडा तोच करडईचा लाल.

इवानागाचं पुढे काय झालं, तेही शोधलं. क्योतोजवळच्या किफुने मंदिरात तिची पूजा होते. परत पाठवलेली ही मुलगी तिथे लग्नं आणि नाती जुळवणारी देवी आहे. इझु द्वीपकल्पातल्या कुमोमीच्या डोंगरावरही तिचं मंदिर आहे. तिथे उभं राहून फुजीचं कौतुक करायचं नाही, अशी समजूत आहे. थोरल्या बहिणीचा राग राखतात लोक, शेकडो वर्षं. मला हे फार आवडलं.

सरांनी दुसऱ्या वेळी फक्त ''आता प्रत्येक रंगाचं कारण सांगता येतंय तुला'' म्हटलं आणि पुढच्या रोल नंबरकडे वळले. घरी गेल्यावर ताईला चित्र दाखवलं. गोष्ट सांगितली नाही. तिने झूम करून देवी बघितली, मग बोटाने चित्र बाजूला सरकवलं.

''हा दगड मस्त जमलाय गं,'' म्हणाली. ''याचा वॉलपेपर पाठव मला.''

तेव्हापासून तिच्या फोनवर तोच आहे. देवी थोडी कडेला कट झालीय. राहू दे.